‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणारे मुलांचे डॉक्टर

अनेक शाळांच्या प्रवेशअर्जात हल्ली एक रकाना असतो. पाल्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, एवढंच तिथे विचारलेलं असतं. बहुतेक पालक फुली मारून पुढे जातात. हा शब्द आता इतका घरचा झाला आहे, की कुणाला धुळीची अ‍ॅलर्जी असते, कुणाला गणिताची, तर कुणाला शेजाऱ्यांची. पण जुलै १९०६ च्या आधी तो जगातल्या कुठल्याही भाषेत नव्हता. विएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला आणि त्यात हा शब्द पहिल्यांदा छापला गेला. लेखकाचं नाव होतं क्लेमेन्स फॉन पिर्के.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी विएन्नाजवळच्या हिर्शश्टेटन इथे झाला. घराणं सरदारी, वडील संसदेत, आई श्रद्धाळू कॅथलिक. मुलानं धर्मगुरू व्हावं असं घरात वाटत होतं आणि मुलानंही ते मनावर घेतलं होतं. इन्सब्रुकला धर्मशास्त्र, मग बेल्जियममधल्या लूव्हेनला तत्त्वज्ञान असा अभ्यास करून झाल्यावर त्यांनी वाट बदलली आणि ते वैद्यकाकडे वळले. सरदारपुत्रानं डॉक्टर होणं, त्यातही लहान मुलांचा डॉक्टर होणं, हे त्या काळच्या त्या वर्तुळात फारसं मानाचं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ ग्विडो तर पुढे अवकाशात रॉकेट कसं पाठवता येईल याची गणितं मांडत बसला! घरातली मुलं काही सरळ वाटेनं जाणारी नव्हती, हे खरं.

१९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून पदवी घेऊन पिर्के विएन्नाच्या बालरुग्णालयात आले. तिथे लवकरच प्रमुख म्हणून रुजू झाले थिओडोर एशेरिख. आतड्यातल्या ज्या ‘ई. कोलाय’ जिवाणूचं नाव आपण पावसाळ्यात पाण्याच्या बातम्यांमध्ये वाचतो, त्यातला ‘ई’ हा याच एशेरिख यांचा.

त्या वेळच्या बालरुग्णालयाची कल्पना आज करणं कठीण आहे. घटसर्प, स्कार्लेट फीवर आणि क्षय यांनी वॉर्ड भरलेले असत. घटसर्पावर नुकताच एक उपाय सापडला होता. घोड्याला जिवाणूचं विष थोडं थोडं टोचत जायचं, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार झाला की रक्त काढायचं, त्यातला पातळ पिवळसर भाग, म्हणजे सीरम, वेगळा करायचा आणि तो आजारी मुलाला टोचायचा. घसा बंद होऊन मरणारी मुलं या उपायानं उठून बसू लागली. एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ चं पहिलं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. स्कार्लेट फीवरसाठीही विएन्नात असंच एक सीरम वापरात आलं. ते मोठ्या मात्रेत द्यावं लागे.

मात्र या उपायाला एक काळी किनार होती. सीरम टोचल्यावर आठ ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगभर पुरळ उठे, सांधे दुखत, गाठी सुजत. क्वचित त्याहून भयंकर घडे. १८९६ मध्ये बर्लिनमधल्या एका नामांकित विकृतिशास्त्रज्ञाचा लहान मुलगा, खबरदारी म्हणून सीरम टोचल्यानंतर, काही मिनिटांत दगावला. मूल आजारीही नव्हतं. मृत्यूचं खरं कारण काय, यावर युरोपभर वाद झाला. सीरममध्येच काही विष असावं, असं बऱ्याच जणांना वाटलं.

पिर्के आणि त्यांचे तरुण सहकारी बेला शिक यांनी वेगळं काहीतरी पाहिलं, आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागला नाही, कॅलेंडर लागलं. टोचण्याची तारीख, पुरळ उठल्याची तारीख आणि याआधी कधी सीरम दिलं होतं का, एवढंच ते नोंदत गेले. पहिल्यांदा सीरम घेतलेल्या मुलाला त्रास व्हायचा तो आठवड्या-दीड आठवड्यानं. पण ज्या मुलाला काही आठवड्यांपूर्वी किंवा महिन्यांपूर्वी एकदा सीरम दिलेलं असे, त्याला दुसऱ्या खेपेला त्याच दिवशी, कधी काही मिनिटांतच प्रतिक्रिया येई. सीरम तेच, बाटली तीच, मात्रा कधी कधी पहिल्यापेक्षा कमी. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला त्याच बाटलीतलं सीरम पहिल्यांदा दिलं तर त्याला त्या दिवशी काहीच होत नसे.

मग विष कुठलं? बाटलीत काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते मूल. पहिल्या भेटीत शरीरानं परक्या पदार्थाची ओळख करून घेतली, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज तयार केल्या. त्यात आठ-दहा दिवस गेले. दुसऱ्या भेटीत ही फौज तयारच होती, त्यामुळे लढाई लगेच जुंपली. आजार म्हणजे त्या लढाईचा धुरळा. जी प्रतिपिंडं माणसाला वाचवतात त्यांच्यामुळेच आजारही होऊ शकतो, हे त्या काळी पचनी पडणारं नव्हतं. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे रक्षण, आणि रक्षण नेहमी भल्याचंच, अशी पक्की समजूत होती. एवढा मोठा समज मोडायचा तर पुरावा भक्कम हवा, हे पिर्के जाणून होते. पण दुसऱ्या कुणी आधी मांडलं तर? म्हणून १९०३ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत कागदावर लिहून, पाकिटात मोहोरबंद करून विएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवायला दिला. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आतलं होतं. पाकीट फोडलं गेलं पाच वर्षांनी. तोवर त्यांचं आणि शिक यांचं ‘सीरम आजार’ या विषयावरचं पुस्तक १९०५ मध्ये येऊन गेलं होतं.

याच सुमारास फ्रान्समध्ये शार्ल रिशे यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस शोधला होता. मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रसफरीला गेले असताना रिशे आणि त्यांचे सहकारी पोर्तिए समुद्री जीवांच्या विषावर काम करू लागले. परत आल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाच्या विषाची अल्प मात्रा टोचली. हेतू होता कुत्र्यांना विष पचवायला शिकवण्याचा. घडलं उलटं. काही आठवड्यांनी अल्प मात्रा पुन्हा टोचताच धडधाकट कुत्रा धापा टाकत कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. १९०२ मध्ये रिशे यांनी या घटनेला नाव दिलं, १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पिर्के यांचं नावही नोबेलसाठी पुन्हा पुन्हा सुचवलं गेलं, पण ते कधी लागलं नाही. माझ्या मते हा अन्यायच. रिशे यांनी एक थरारक घटना दाखवली. ती घटना, सीरमचं पुरळ, देवीच्या लशीची खपली आणि परागकणांनी येणाऱ्या शिंका या सगळ्यांना एका सूत्रात ओवलं ते पिर्के यांनी.

हे सूत्र म्हणजेच १९०६ चा तो शब्द. ग्रीक भाषेत ‘अ‍ॅलोस’ म्हणजे वेगळा, ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. अ‍ॅलर्जी म्हणजे बदललेली प्रतिक्रिया. ती चांगल्या दिशेनं बदलली असो वा वाईट, दोन्हीला पिर्के अ‍ॅलर्जीच म्हणत. त्यांच्या व्याख्येनुसार गोवर होऊन गेलेलं आणि पुन्हा कधी गोवर न येणारं मूलही अ‍ॅलर्जिक! ज्या पदार्थामुळे असा बदल होतो त्याला त्यांनी अ‍ॅलर्जेन म्हटलं आणि यादीत डास-मधमाशीचं विष, परागकण यांच्याबरोबर स्ट्रॉबेरी आणि खेकडेही घातले. ज्या पदार्थांचं नुसतं नाव ऐकून आज शाळेतल्या बाई डबा तपासतात, त्यातले दोन तेव्हाच यादीत होते. सहकाऱ्यांना मात्र शब्द रुचला नाही. कशाला हवा आणखी एक ग्रीक जोडशब्द, असा सूर होता. हळूहळू लोकांनी तो उचलला, पण अर्धाच. रक्षणाचा अर्थ गळून पडला, त्रासाचा तेवढा उरला.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं पिर्के यांच्या कॅलेंडरचं महत्त्व आजही तेवढंच आहे. गेल्या वेळी शेंगदाणे खाऊन नुसतं पित्त उठलं होतं, म्हणजे पुढच्या वेळीही तेवढंच होईल, असं गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की पित्त झालं म्हणायचं आणि आमसुलाचं पाणी लावायचं, ही रीत. साध्या पित्ताला ते चालून जातं. पण खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर थोड्याच वेळात गांधींबरोबर आवाज घोगरा होणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, दम लागणं, लागोपाठ उलट्या, भोवळ किंवा मूल एकदम निपचित होणं यातलं काही दिसलं तर ते पित्त नव्हे. तो रिशे यांचा अ‍ॅनाफिलॅक्सिस असतो. कधी कधी तर त्वचेवर काही दिसतही नाही आणि तिथेच मोठी माणसं फसतात.

सीरमचा आजार आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी यांची यंत्रणा एकच नाही, हेही सांगायला हवं. दुसरीत ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं आपल्याच पेशींवर चिकटून बसतात. पदार्थ आला की त्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम ओततात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आवळते. यातली आयजीई पिर्के यांच्या हयातीत कुणालाच ठाऊक नव्हती. शरीर बदलतं, पदार्थ नव्हे, हे त्यांचं म्हणणं मात्र तसंच टिकलं.

पिर्के यांना या सिद्धांताचा लगेच उपयोग करायचा होता. शरीर जर पूर्वीची भेट लक्षात ठेवत असेल, तर त्वचेला प्रश्न विचारून ती भेट उघड करता येईल. १९०७ मध्ये त्यांनी कोख यांचं ट्युबरक्युलिन मुलांच्या हातावर थेंबभर ठेवून तिथे बारीकसा ओरखडा काढायला सुरुवात केली. क्षयाचे जंतू शरीरात शिरून गेले असतील तर एक-दोन दिवसांत तिथे लाल गाठ उठे. शेकडो मुलांवर ही चाचणी केल्यावर जे दिसलं ते सुन्न करणारं होतं. विएन्नातल्या कष्टकरी वस्तीतल्या बहुसंख्य मुलांना तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत क्षयाची लागण होऊन गेलेली होती, त्यातली कित्येक बाहेरून ठणठणीत होती. लपलेल्या क्षयाची कल्पना इथून रुजली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल माँतू यांनी ओरखड्याऐवजी त्वचेत सुई वापरली, आणि ‘मॉन्टू टेस्ट’ आपल्या दवाखान्यांपर्यंत पोचली. आज अ‍ॅलर्जीतज्ज्ञ हातावर थेंब ठेवून टोचणी देतात, तीही याच जातकुळीतली चाचणी.

कीर्ती अटलांटिक ओलांडून गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सनं त्यांना बालरोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून बोलावलं. तिथे ते फार थोडा काळ राहिले. १९१० मध्ये ब्रेस्लाऊ, १९११ मध्ये एशेरिख यांच्या निधनानंतर त्यांच्याच जागी पुन्हा विएन्ना. घरी मात्र सारं सुरळीत नव्हतं. १९०४ मध्ये त्यांनी मारिया यांच्याशी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. मारिया वर्षानुवर्षं आजारी असत. मूल झालं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांत रमणारा हा माणूस संध्याकाळी कसल्या घरात परतत असेल, याविषयी त्यांनी फारसं बोलून ठेवलेलं नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि पिर्के यांचं आयुष्य दुसऱ्याच कामाला जुंपलं गेलं. नाकेबंदीनं विएन्नाचं अन्न तुटलं. युद्ध संपल्यावर तर हाल आणखी वाढले. साम्राज्य फुटलं, गहू पिकवणारे प्रांत परके झाले. मुलं मुडदुसानं वाकली, क्षयानं मरू लागली. दूध दिसेनासं झालं. पिर्के यांनी प्रश्न गणितासारखा हाती घेतला. त्यांनी अन्नाचं नवं माप काढलं, ‘नेम’. एक ग्रॅम दुधाचं जेवढं पोषण तेवढा एक नेम. भाकरी, चरबी, साखर, डाळी सगळं याच मापात मोजायचं. कुठल्या मुलाला किती लागेल ते ठरवायला त्यांनी वजन आणि बसल्यावरची उंची यांचं एक सूत्र बांधलं. कारण त्यांच्या मते बसलेल्या उंचीचा आतड्याच्या लांबीशी संबंध होता. सूत्राचं नाव ‘पेलिडिसी’. ठरावीक आकड्याखाली असलेलं मूल कुपोषित, त्याला जेवण. शिवाय डॉक्टरनं मुलाकडे पाहून रक्त, चरबी, त्वचेचा ताण आणि स्नायू यांचा शेरा एका शब्दात लिहायचा. सगळं ठीक असेल तर ‘साक्रातामा’, बिघाड असेल तर त्या त्या जागचा स्वर बदलायचा. शब्द घडवायची हौस काही सुटली नव्हती!

आज यातलं काहीच उरलेलं नाही. कॅलरीपुढे नेम टिकला नाही आणि पेलिडिसीचं शास्त्र कच्चंच होतं. पण ते हसण्यावारी नेण्याआधी त्याचा वापर कसा झाला ते पाहावं. १९१९ पासून हर्बर्ट हूव्हर यांच्या अमेरिकन मदत संस्थेनं ऑस्ट्रियात मुलांसाठी अन्न पाठवलं आणि वाटपाची सूत्रं पिर्के यांच्याकडे दिली. अन्न अपुरं, मुलं लाखोंनी. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही? पिर्के यांनी शाळाच हाताशी घेतल्या. शाळेत मुलं रांगेनं मोजली जात, आकडा निघे, आणि त्यानुसार शिजवलेलं गरम जेवण मिळे. वशिला नाही, बापाचा पक्ष नाही, धर्म नाही. सूत्र चुकीचं असेल, पण ते सगळ्यांना सारखं चुकीचं होतं. लाखो मुलं त्या अन्नावर तगली.

इथे एक विसंगती जाणवते. नेमच्या तक्त्यात दूध म्हणजे सगळ्याचं माप. आणि दूध हेच काही मुलांच्या बाबतीत जिवावर बेतणारं अ‍ॅलर्जेन. हजारो मुलांना एकच ताट वाढायचं आणि त्यातल्या एकाला त्या ताटापासून वाचवायचं, ही शाळेची दोन वेगळी कामं आहेत. उपाशी विएन्नात पहिलंच काम इतकं प्रचंड होतं, की दुसऱ्याला जागा नव्हती. दुसऱ्याकडे जगाचं लक्ष जायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षं लागली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००३ मध्ये तेरा वर्षांची एक विद्यार्थिनी शाळेच्या उपाहारगृहातले बटाट्याचे तळलेले काप खाऊन दगावली. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती. २००५ मध्ये तिथल्या विधिमंडळानं तिच्या नावानं कायदा केला. प्रत्येक शाळेत अशा मुलांची नोंद, प्रत्येकाची स्वतंत्र योजना आणि शिक्षकांना नियमित प्रशिक्षण सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना अ‍ॅड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन विकत घेऊन ठेवता येतं.

अ‍ॅड्रेनॅलिन हा यातला कळीचा शब्द. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, वेळ न दवडता, वजनानुसार ठरलेली मात्रा. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करायचे. दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण उभं करायचं नाही, चालवत ऑफिसात न्यायचं नाही. १०८ ला फोन त्याच वेळी. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा लागू शकते. बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात राहायचं, कारण त्रास उलटून येऊ शकतो. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, बंद होणारा घसा उघडत नाही. ती देऊन वाट पाहण्यात लाखमोलाची मिनिटं जातात.

पेनसारखी तयार इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे मुलाला अशी अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांकडून लेखी योजना घेणं, ती वर्गशिक्षक, डबा वाटणाऱ्या मावशी आणि बसमधल्या ताईपर्यंत पोचवणं, जवळच्या कुठल्या दवाखान्यात हे औषध आहे ते आधीच विचारून ठेवणं याला पर्याय नाही. औषध महाग नाही आणि दुर्मीळही नाही. साप चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आला की त्याला घोड्यापासून बनवलेलं प्रतिसर्पविष देतात, आणि ते सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज शेजारी तयार ठेवतात. घोड्याचं सीरम, आणि त्याची येऊ शकणारी प्रतिक्रिया. पिर्के यांच्या वॉर्डातला प्रसंग आपल्या तालुक्याच्या गावी आजही घडतो.

१९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही पिर्के यांचं नाव चर्चेत आलं. तेव्हा ते देशातले सर्वांत आदरणीय डॉक्टर होते. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी आणि मारिया यांनी विएन्नातल्या घरी एकत्र आपलं आयुष्य संपवलं. पिर्के ५४ वर्षांचे होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना याची कल्पना नव्हती.

बेला शिक तोवर न्यूयॉर्कला स्थायिक झाले होते. घटसर्पाची प्रतिकारशक्ती ओळखणाऱ्या त्यांच्या चाचणीला त्यांचंच नाव मिळालं आणि ते नव्वद वर्षं जगले. १९६७ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा अमेरिकेतल्या एका जपानी दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी अ‍ॅलर्जी घडवणारं प्रतिपिंड नुकतंच वेगळं काढलं होतं. त्याला ‘आयजीई’ हे नाव अधिकृतपणे मिळालं ते १९६८ मध्ये.